बाराही काठ्यांपाशी कापूर थांबला

सर, तुमच्या शोकसभेला मी आले नाही. शिरूरच्या कॉलेजातून फोन आला होता. "मॅडम, तुम्ही सरांच्या सगळ्यात आवडत्या विद्यार्थिनी, चार शब्द बोला." मी म्हटलं, कारखान्यात पाळी आहे. पाळी तीनला सुटली, सभा साडेपाचला होती. मनात असतं तर कुरकुंभहून आरामात पोचले असते. मी घरी गेले आणि दिवे लागेपर्यंत गहू निवडत बसले.

आता तेच लोक तुमच्यावर स्मरणिका काढतायत. दोन पानं द्या म्हणतात. मी लिहायला बसले खरी, पण हे ते छापणार नाहीत. बाकीच्यांनी लिहिलंच असेल की तुम्ही ऋषितुल्य होतात, विद्यार्थ्यांसाठी झिजलात. मी तुमच्याबरोबर एक अख्खा उन्हाळा तळ्यावर काढलाय. तुम्ही हेकट होतात. समोरचा बोलत असताना तुमचं उत्तर तयार असायचं. माझ्या वहीत तुम्ही लाल शाईनं जी ओळ लिहिलीत ती अजून तशीच आहे, आणि ती मी तुम्हाला माफ केलेली नाही. तुम्ही गेलात म्हणून ती आपोआप पुसली जात नाही.

आणखी एक आहे. तुम्ही शेवटपर्यंत ज्या एका दिवसाच्या मागे लागलात, त्या दिवशी तळ्यात काय झालं होतं ते मला माहीत होतं. त्याच दिवशी माहीत होतं. अकरा वर्षं मी ते तुम्हाला सांगितलं नाही. ते आता सांगायचंय. तुम्ही ऐकायला नाही आहात, पण तसे तुम्ही जिवंतपणीही फारसे ऐकायला नसायचात.

सुरुवात मात्र चांगली होती, ते नाकारत नाही. एफवायच्या पहिल्याच तासाला तुम्ही घरून परात घेऊन आला होतात. दौंड-शिरूर एसटीत मांडीवर परात घेऊन बसलेला प्राध्यापक कंडक्टरनं दुसरा पाहिला नसेल. परातीत पाणी ओतलंत आणि कापराचे बारीक तुकडे सोडलेत. ते तुकडे पाण्यावर सैरावैरा पळायला लागले. मग तुम्ही मला उठवलंत. "बोट केसांत फिरव आणि पाण्याला लाव." मी लावलं. सगळे तुकडे जागच्या जागी थांबले. "हे हिच्या डोक्याचं तेल," तुम्ही म्हणालात. "दिसतंय का कुणाला? नाही. एका रेणूच्या जाडीचं पटल आहे, पण कापराला ते कळतं." वर्ग हसला, कारण माझ्या डोक्याला तेल भरपूर असायचं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी संध्याकाळी घरी गेल्यावर मी देवघरातला कापूर चोरला आणि आईच्या परातीत तेच पुन्हा करून पाहिलं.

त्या पटलात रेणू कसे उभे असतात, हे तुम्ही शाळेच्या प्रार्थनेच्या रांगेवरून समजावत होता. मी म्हटलं, सर, वाघरीत मेंढरं उभी असतात तसं का? वाघर म्हणजे जाळीचं कुंपण. रात्री मेंढरं त्यात अंगाला अंग लावून उभी राहतात, मधून हातसुद्धा जात नाही. तुम्ही मोठ्यानं हसलात. पुढच्या वर्षी तुम्ही तीच उपमा वर्गात दिलीत, असं खालच्या वर्गातल्या मुलीनं मला सांगितलं. ती कुणी सुचवली ते मात्र सांगितलं नव्हतंत. तुम्हाला ही गोष्ट बारीक वाटेल. मला वाटली नाही.

बीएस्सी झाल्यावर आबा म्हणाले, बास झालं शिक्षण. तेव्हा तुम्ही लुनावरून आमच्या वाडीला आलात. आमची मेंढरं तोवर पन्नासावर आली होती, थोडी जिराईत जमीन होती, आणि घरात एमएस्सी म्हणजे काय हे कुणालाच माहीत नव्हतं. तुम्ही भाषण दिलं नाहीत. अंगणात परात मागितलीत, खिशातून कापूर काढलात आणि आबांना दाखवायला बसलात. कापूर पळायला लागला तसे आबा लहान मुलासारखे खाली वाकले. परातीत माशी पडली होती, ती काढायला त्यांनी बोट घातलं आणि कापूर एकदम थांबला.

"आबा, हाताला तेल लावलंय का?" तुम्ही विचारलंत.

"त्याल कुठलं, सर. मेंढराच्या अंगचा चिकटा हाय त्यो. लोकरीत असतो. साबनानं बी निगत न्हाई."

तुम्ही हसलात, परात ओतून दिलीत आणि ताजं पाणी मागितलंत. सर, तिथं थांबायला हवं होतं. रेणूंच्या पटलांवर जन्म घालवणारा माणूस तुम्ही. तुमच्या डोळ्यांसमोर एका मेंढपाळानं बोट बुडवून कापूर थांबवला, का थांबला तेही सांगितलं, आणि तुम्ही ते पाणी ओतून दिलंत. माझं एमएस्सी त्या दिवशी ठरलं. त्याबद्दल मी तुमची ऋणी आहे आणि मरेपर्यंत राहीन. पण ऋणी असणं वेगळं आणि गप्प बसणं वेगळं.

मग तो दुष्काळी उन्हाळा आला. आमच्या वाडीच्या पाझर तलावाला सगळे तळंच म्हणायचे. माणसांना, गुरांना आणि मेंढरांना तेवढंच पाणी. तुम्ही ग्रामसभेत उभे राहून सांगितलंत की गाव पितं त्याहून जास्त पाणी ऊन पितं, आणि ते थांबवता येतं. सेटाइल अल्कोहोल नावाच्या मेणासारख्या पापड्या असतात, कोल्ड क्रीममध्ये घालतात त्या. त्यांची पूड पाण्यावर टाकली की ती आपली आपण पसरते आणि एका रेणूची साय धरते. त्या सायीतून वाफ सहज सुटत नाही. अल्कोहोल हा शब्द ऐकून वाडीत दोन दिवस एकच चर्चा होती की मास्तर तळ्यात दारू ओतणार. पण शेवटी लोक तयार झाले. तुमची एकच अट होती. सायीवर जनावर उतरलं की ती फाटते, म्हणून तळ्यात जनावर घालायचं नाही. प्यायला काठावर पाण्याचा हाळ भरून ठेवायचा, धुणंबिणं बंद. सगळ्यांनी हात वर केले. आबांनीही केला.

आणि मी तुमची निरीक्षक झाले. एमएस्सीचा प्रकल्प म्हणून. ट्रकच्या ट्यूबवर फळी बांधून मी तळ्यात फिरायची. पश्चिमेच्या काठापासून पूर्वेच्या काठापर्यंत आपण बारा बांबूच्या काठ्या रोवल्या होत्या. प्रत्येक काठीपाशी बिनबुडाचा पत्र्याचा डबा पाण्यात अर्धा बुडवायचा, म्हणजे आतल्या पाण्याला वारा लागत नाही, आणि आत कापराचा कण टाकायचा. कण पळाला तर तिथं साय नाही. थांबला तर आहे. शिवाय बाजरीचं भुसकट टाकून ते एका काठीपासून दुसऱ्या काठीपर्यंत किती वेळात वाहतं ते घड्याळावर बघायचं. संध्याकाळी काठावरच्या पाइपात बसवलेली आकड्यांची पट्टी वाचायची, म्हणजे पाणी किती उतरलं ते कळायचं. वहीत शेवटचा रकाना शेऱ्याचा. तो तर मी इतका मन लावून भरायची की बगळा बसला तरी लिहायची.

तुम्हाला खरं कुतूहल पाणी वाचवण्याचं नव्हतं, सर. ते ग्रामसभेपुरतं होतं. तुम्हाला बघायचं होतं की ती साय वाहते कशी. वाऱ्यानं ढकलली की तेलासारखी सरकते की बर्फासारखी तडकते, आणि कुठल्या वाऱ्याला कुठपर्यंत तग धरते. रोज एकच होत होतं. नऊला पूड टाकली की दहाला तळं तुकतुकीत. अकराला पश्चिमेचा वारा सुटला की साय पूर्वेच्या काठाला गोळा व्हायची, वावटळीत मेंढरं कुंपणाच्या एका कोपऱ्यात दाटतात तशी. दुपारी पहिल्या सात काठ्यांपाशी कापूर पळायचा, पुढच्या पाचांपाशी थांबायचा. तुम्ही मिश्रण बदललंत, पूड आणखी बारीक केलीत, टाकायची जागा बदललीत. काही उपयोग नाही. तुम्ही चिडचिडे झालात. एकदा माझ्या हातातला डबा वाकडा आहे म्हणून ओरडलात. डबा सरळ होता.

आणि मग तो दिवस. तांबडं फुटताना मी कळशी घेऊन तळ्यावर गेले, तर पश्चिमेच्या कोपऱ्यात आबा कमरेएवढ्या पाण्यात उभे. मेंढरं काठावर अंग झटकत होती. दुसऱ्या दिवशी कातरणारे लोक येणार होते. कातरणीआधी मेंढरं धुवायची ही आमच्यात पिढ्यान् पिढ्यांची रीत. मळकी लोकर कातरीला लागत नाही. मला बघून आबा शरमले.

"कोपऱ्यातच धुतलीत गं. मदी न्हाई गेलो. सरांना सांगू नगंस."

मी नाही सांगितलं. ग्रामसभेत हात वर करणाऱ्या माझ्या बापाला तुम्ही चार लोकांत बोलला असता आणि मला ते बघवलं नसतं. त्या दिवशी शेऱ्याचा रकाना मी कोरा ठेवला.

त्या दिवशी तुम्ही नेहमीसारखी पूड टाकलीत. वारा सुटला, चांगलाच सुटला. दुपारी मी ट्यूबवर बसून पहिल्या काठीपासून निघाले. कापूर थांबला. दुसरीपाशी थांबला. सातवीपाशी थांबला, जिथं तो रोज पळायचा. तुम्ही बांधावरून ओरडून विचारत होता आणि मी ओरडून सांगत होते. बाराही काठ्यांपाशी कापूर थांबला तेव्हा तुम्ही टोपी हवेत उडवलीत. इतक्या आनंदात तुम्ही मला कधीच दिसला नव्हता. मला पाचव्या-सहाव्या काठीपाशीच कळलं होतं. मेंढरं धुतलेला कोपरा वाऱ्याच्या तोंडाशी होता. तिथल्या चिखलातून, गवतातून लोकरीचा चिकटा सुटत होता, आणि वारा तो दिवसभर तळ्यावर पसरवत होता. तुमची साय रोजच्यासारखी पूर्वेला गेलीच होती. मागे आबांची साय आली होती.

संध्याकाळी मी पट्टी वाचली. पाणी उघड्या तळ्याचं उतरतं तेवढंच उतरलं होतं. लोकरीच्या चिकट्यानं कापूर थांबतो, वाफ थांबत नाही. तुम्ही म्हणालात, "शक्यच नाही, परत वाच." मी परत वाचली. तिसऱ्यांदा वाचली. तुम्ही खाली उतरून स्वतः बघायची तसदी घेतली नाहीत. बांधावर उभ्या उभ्या माझी वही घेतलीत, खिशातलं लाल पेन काढलंत आणि माझ्या आकड्यावर रेघ मारून शेजारी लिहिलंत : वाचन अग्राह्य, निरीक्षकाची चूक.

मी तेव्हा भांडले, आठवतंय? मी म्हणाले, पट्टी खरी आहे. तुम्ही म्हणालात, कापूर खोटं बोलत नाही. तेवढ्यावरच आपण महिनाभर भांडत राहिलो. खरं तर दोन्ही खरं होतं. पाण्यावर काहीतरी पसरलंय एवढंच कापूर सांगतो. काय पसरलंय ते त्याला विचारता येत नाही. हे तुमच्या विषयातलं पहिलं पाऊल, आणि तुम्ही ते चुकलात, कारण जे हवं होतं ते तुम्हाला दिसलं होतं.

तरी मी सांगितलंही असतं. आबांनीच सांगायचं ठरवलं होतं. मनात काही ठेवून त्यांना अन्न गोड लागत नाही. आठवड्यानं तुम्ही पेढे घेऊन आलात, बरोबर दोन पाहुणे प्राध्यापक आणि फोटोवाला. आबा मुंडासं नीट करून पुढं आले.

"सर, त्या दिशी सकाळच्या पारी मी एक काम केलं व्हतं. ते तुमाला—"

"आबा, तुमच्या आशीर्वादानंच झालं सगळं!" तुम्ही त्यांच्या हातात पेढा ठेवलात, खांद्यावर हात टाकलात, फोटो काढून घेतलात. मग पाहुण्यांकडे वळून म्हणालात, "हे आमचे मेंढपाळ. यांना यातलं काही कळत नाही, पण सहकार्य उत्तम करतात."

पाहुणे हसले. आबाही हसले, कारण लोक हसतात तेव्हा हसायचं असतं एवढंच त्यांना ठाऊक. मी बांधावर उभी होते. त्या क्षणी मी ठरवलं की आता तुम्हाला हे कधीच कळू द्यायचं नाही. करू दे याला पुन्हा. बघू कसा करतो. मनात मी तुम्हाला अरेतुरे केलं, सर. आजही त्याचा पश्चात्ताप नाही.

तळं वळवाच्या आधीच आटलं. त्याबद्दल वाडीतल्या कुणी तुम्हाला एक शब्द विचारला नाही. तुमचा शोधनिबंध त्या एका दिवसावर उभा राहिला. मी प्रकल्प कसाबसा पुरा केला, पुढं संशोधन करायचं तुमच्याबरोबर ठरलं होतं ते सोडलं, आणि कुरकुंभला एका औषधाच्या कारखान्यात तपासणीच्या प्रयोगशाळेत लागले. तुम्ही सगळ्यांना सांगत राहिलात की सुनंदाला पगाराचा मोह पडला.

पाच वर्षांपूर्वीची गोष्ट. मे महिन्यातली दुपार. गेटवरच्या बिहारी वॉचमननं फोन केला, "मैडम, कोई बुजुर्ग आए हैं, नाम नहीं बताते, बोलते हैं सर आए हैं बोलो." बाहेर आले तर तुम्ही. निवृत्त झालेले, वाळलेले, हातात स्टीलचा डबा.

"सुनंदा, तुमच्याकडे मलमात घालायला येतं ना सेटाइल? वाटीभर मिळेल का?"

मी म्हटलं, इथून गेटपासशिवाय टाचणी बाहेर जात नाही. खरं होतं ते. पण मी ज्या आवाजात म्हटलं तसं म्हणायची गरज नव्हती.

तुम्हाला राग आला नाही. "अजून जमत नाही गं," तुम्ही म्हणालात. "गच्चीवर बारा टाक्या मांडल्यात. पंखा लावून वारा देतो. साय सातवीच्या पुढंच पळते. त्या दिवशी काय वेगळं होतं? तू होतीस तिथं. तुला काही आठवतं?"

इतक्या वर्षांत पहिल्यांदा तुम्ही मला काही विचारलं होतंत, सर. उत्तर माहीत नसताना विचारलं होतंत. मी बोलणार होते. देवाशप्पथ, तोंड उघडलं होतं मी. आणि तुम्ही पुढं जोडलंत, "पट्टीची तुझी तेवढी चूक सोडली तर तो दिवस अगदी निर्दोष होता."

"नाही सर," मी म्हटलं. "काही आठवत नाही."

तुम्ही बरं म्हणालात. वॉचमनच्या माठातलं पाणी प्यालात आणि रिकामा डबा घेऊन हायवेला जाऊन उभे राहिलात. दौंडकडे जाणाऱ्या टेम्पोला हात करताना मी तुम्हाला वरच्या खिडकीतून बघत होते. मला त्या दिवशी बरं वाटलं. हेही लिहून टाकते, कारण स्मरणिकेत असं कुणी लिहिणार नाही. पुढं बरं वाटणं हळूहळू कमी होत गेलं. उन्हाळा लागला की मला तुमची गच्ची दिसायची, जी मी कधी पाहिली नव्हती. या दिवाळीला जाऊन सांगू, पाडव्याला सांगू, असं करत राहिले. दौंड माझ्या दारापासून वीस मिनिटांवर आहे.

मागच्या महिन्यात तुम्ही गच्चीवर टाक्या भरताना गेलात. तेरावा झाल्यावर मी तुमच्या घरी काकूंना भेटायला आले. आबा हट्टानं बरोबर आले, त्यांना आता नीट चालवत नाही तरी. काकू मला वर घेऊन गेल्या. बारा टाक्या रांगेत, प्रत्येकीत एक काठी, टोकाला टेबलफॅन. पाण्यात डास झाले होते. काकू म्हणाल्या, "याचं आता काय करू गं? कुंड्या कराव्यात म्हणते. चाळीस वर्षं घरात आरतीला कापूर शिल्लक राहिला नाही बघ." आणि रडायला लागल्या. मीही रडले. मला तुमचा राग आला होता आणि मी रडत होते. दोन्ही एकदमच होतं.

निघताना त्यांनी माझी वही दिली. कॉलेज सोडताना तुम्ही ती घरी आणली होतीत म्हणे. जीपमध्ये बसल्या बसल्या मी ते पान काढलं. मला वाटलं होतं काहीतरी असेल. एखादी खूण, प्रश्नचिन्ह, काहीतरी. काही नव्हतं. माझा आकडा, त्यावर तुमची लाल रेघ, आणि शेजारी निरीक्षकाची चूक. मी इतक्या जोरात वही मिटली की पुढच्या सीटवरची बाई वळून बघायला लागली.

आबांनी वहीकडे एकदा बघितलं. मग म्हणाले, "सर आले व्हते वाडीला. गेल्या साली, बाजरी काढायच्या टायमाला."

"कुठल्या? आपल्या वाडीला?"

"व्हय. एकलेच आले. म्हनले, आबा, तवा तुमी मला कायतरी सांगत व्हता आन् मी ऐकलं न्हाई. काय व्हतं ते? मग मी सांगितलं समदं. मेंढरं धुतली ते. मग इचारलं, सुनंदाला ठावं व्हतं का? मी म्हनलं, तिनं तर डोळ्यानं बगितलं."

म्हणजे गेटवर मी तुमच्या तोंडावर खोटं बोलले ते तुम्हाला कळलं होतं.

"रागावले का?"

"न्हाई. परातीत पानी मागितलं. एका मेंढराच्या अंगावरनं हात फिरवला आन् बोट बुडवलं. थांबला कापूर. तसे हसले, आन् डोळे पुसले. म्हनले, पट्टी बरुबर व्हती पोरीची. मी म्हनलं, सांगतो तिला. तर म्हनले, तुमी नगा सांगू. माजी चूक हाय, मीच जाऊन सांगनार. शबूद घेतला माज्याकडनं."

"मग आले का नाहीत?"

आबांनी खांदे उडवले. "आसं कसं जायचं, आसं वाटत आसंल. तुला बी तसंच वाटत व्हतं की."

सर, एक वर्ष. एक पूर्ण वर्ष तुमच्याकडे होतं. वही तुमच्या घरात होती, लाल पेन तुमच्या खिशात होतं, कुरकुंभ वीस मिनिटांवर होतं. आबांना शोधत तुम्ही इतक्या लांब वाडीला गेलात. परात मागून घेतलीत. शेवटी ऐकलंत, ज्याचं ऐकायला हवं होतं त्याचंच ऐकलंत. आणि माझ्यापाशी यायला मात्र तुम्हाला जमलं नाही. माझ्याकडून माफी ऐकावी लागेल याची भीती वाटली की तुम्हाला मागावी लागेल याची? हे मी रोज विचारते. आधी मला तुमचा राग यायचा तो तुम्ही ऐकत नाही म्हणून. आता तो त्याहून मोठा आहे.

कुरकुंभला आमच्याकडे खोडाखोडीचा नियम फार कडक आहे. चूक झाली तर एकच रेघ मारायची, खालचं वाचता येईल अशी, आणि शेजारी सही. ज्यानं लिहिलं त्यानंच खोडायचं. दुसऱ्याचं लिहिलेलं कुणी खोडलं तर नोकरी जाते. हे मी नव्या मुलींना दर वर्षी शिकवते.

काल रात्रपाळी नव्हती, घरीच होते. जेवणं झाल्यावर वही काढली. त्या दिवसाचा शेऱ्याचा रकाना अकरा वर्षं कोरा होता. चूक निरीक्षकाची होतीच, सर, फक्त ती पट्टीच्या रकान्यात नव्हती. मी निळ्या पेनानं लिहिलं : पहाटे पश्चिमेच्या कोपऱ्यात मेंढरं धुतली. निरीक्षकानं पाहिलं, नोंद केली नाही. खाली सही केली आणि तारीख कालची घातली, आमच्या नियमाप्रमाणे.

मग वरच्या लाल ओळीकडे बघत बसले. हातात पेन होतं. पण ती ओळ माझी नाही. ती तुम्ही येऊन खोडायची होती.